आजच्या ठळक बातम्या!

संध्याकाळी सातच्या सुमारास बोगादीच्या रस्त्याने चालत गेलात, तर एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. बेकरीत, औषधाच्या दुकानात, इस्त्रीवाल्याकडे कुठे ना कुठे टीव्ही सुरू असतो आणि त्यावर कन्नड बातम्या लागलेल्या असतात. टीव्हीकडे कुणी बघत नसतं. हात कामात असतात, कान तेवढे तिकडे असतात. पण बातम्या देणाऱ्याचा आवाज जरा बदलला, की सगळ्यांच्या माना वर होतात.

म्हैसूरच्या या टोकाला राहणाऱ्या मराठी घरांत हेच मराठीत चालतं. फक्त पडदा मोबाइलचा असतो. आमच्याकडे आजी फोन डब्याला टेकवून ठेवते आणि भाजी निवडता निवडता सांगली-कोल्हापूरच्या बातम्या ऐकते. परवा तिने सहज विचारलं, "ही मुलगी रोज येते आपल्याकडे. हिचं शिक्षण काय असेल गं?"

प्रश्न साधा आहे, पण विचार करण्यासारखा आहे. बातम्या देणारा माणूस रोज तुमच्या घरात येतो. तुम्ही त्याला कधी भेटलेले नसता. तरी तो सांगतो ते खरं, असं तुम्ही धरून चालता. हा विश्वास कसा कमावला जातो? आणि तुमच्या घरातल्या मुला-मुलीला हेच काम करायचं असेल, तर त्यासाठी नेमकं काय लागतं?

पडद्यावरची पहिली ओळख

मराठी माणसाची ही ओळख सुरू झाली मुंबई दूरदर्शनपासून. २ ऑक्टोबर १९७२ रोजी हे केंद्र सुरू झालं. दिल्लीनंतरचं ते देशातलं दुसरं दूरदर्शन केंद्र. तेव्हा चाळीत किंवा वाड्यात एखाद्याच घरी टीव्ही असायचा आणि बाकीचे त्या घरी जाऊन बसायचे. चित्र काळं-पांढरं, वाहिनी एकच. त्यामुळे बातम्या देणारा चेहरा सगळ्या गावाला ठाऊक असायचा.

त्या काळातली नावं बघा. भक्ती बर्वे बातम्या द्यायच्या. १९७५ साली पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'मध्ये त्या मंजुळा झाल्या. गंमत अशी, की शुद्ध उच्चारांसाठी नावाजलेली ही वृत्तनिवेदिका रंगमंचावर जिची बोली 'सुधारली' जाते अशी फुलवाली रंगवत होती. पुढे १९८३ च्या 'जाने भी दो यारो'मध्ये त्या एका नियतकालिकाच्या संपादक झाल्या. मराठीचे प्राध्यापक आणि मुलांचे लाडके कवी अनंत भावे हेही बातम्या द्यायचे.

आणि स्मिता पाटील! विशीसुद्धा न गाठलेली ही पुण्याची मुलगी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत होती. जीन्स घालून यायची, कॅमेऱ्यासमोर बसण्याआधी वरूनच साडी नेसायची, ही आठवण आजही सांगितली जाते. दिग्दर्शक श्याम बेनेगल यांचं लक्ष तिच्याकडे गेलं ते याच काळात. १९७५ मध्ये ती 'चरणदास चोर' आणि 'निशांत'मध्ये दिसली. नंतरचं सगळं तुम्हाला माहीत आहे.

या सगळ्यांत एक साम्य आहे. बातम्या देणं हा त्यांचा पूर्णवेळचा व्यवसाय नव्हता. कुणी नाटकात होतं, कुणी कॉलेजात शिकवत होतं. केंद्र त्यांना बोलवायचं आणि कामाप्रमाणे मानधन मिळायचं. आज आपण ज्याला 'अँकरचं करिअर' म्हणतो, तसं काही तेव्हा अस्तित्वातच नव्हतं.

चार दशकं एकच आवाज

तरी एका माणसाने त्यातून आयुष्यभराचं काम उभं केलं. प्रदीप भिडे. विज्ञानाचं शिक्षण झालेलं, त्यानंतर पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचं. १९७४ पासून ते मुंबई दूरदर्शनवर बातम्या देऊ लागले आणि पुढची सुमारे चार दशकं देत राहिले.

चार दशकं म्हणजे काय, ते जरा आठवून बघा. काळा-पांढरा टीव्ही १९८२ मध्ये रंगीत झाला. उपग्रह वाहिन्या आल्या. मुंबई दूरदर्शनची मराठी वाहिनी 'सह्याद्री' झाली. आजोबांनी ज्यांच्याकडून बातम्या ऐकल्या, त्यांच्याकडूनच नातवानेही ऐकल्या. ७ जून २०२२ रोजी भिडे यांचं निधन झालं, तेव्हा अनेकांनी जवळपास एकच गोष्ट बोलून दाखवली: आमच्या लहानपणीचा आवाज गेला.

त्यांची एखादी गाजलेली बातमी कोणती, असं विचारलं तर चटकन सांगता येत नाही. आठवतो तो धीरगंभीर आवाज, स्वच्छ उच्चार आणि न घाबरवता सांगायची पद्धत. माहितीपट आणि जाहिरातींनाही त्यांनी आवाज दिला. पण बातम्यांच्या वेळी ते स्वतः मागे राहायचे, पुढे यायची ती बातमी.

आपल्या कर्नाटकातही असं एक नाव आहे. दूरदर्शनच्या 'चंदना' वाहिनीवर घरोघरी पोहोचलेल्या निवेदिका अपर्णा. ११ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं. त्या वृत्तनिवेदक म्हणून नव्हे, तर कन्नड निवेदनासाठी ओळखल्या जात. पण बेंगळुरूच्या 'नम्म मेट्रो'मधल्या कन्नड सूचना त्यांच्याच आवाजातल्या. रोज हजारो लोक त्या आवाजावर विसंबून योग्य स्टेशनावर उतरायचे. ओळख नसलेल्या माणसाला बिनचूक माहिती देणं, हे काम बातमीचंही आहे आणि मेट्रोचंही.

मराठी बातम्या, पत्ता हैदराबादचा

२००० साल हे मराठी अँकरच्या करिअरला वळण देणारं ठरलं. त्या वर्षी जुलैमध्ये ईटीव्ही मराठी सुरू झाली. मुक्काम मुंबई-पुण्याला नव्हता, तर हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत. महाराष्ट्राच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतली तरुण मुलं-मुली बॅगा भरून तेलुगू मुलखात गेली आणि तिथे बसून महाराष्ट्राला बातम्या सांगू लागली. म्हैसूरला बसून हे लिहिताना मला त्यांचं विशेष वाटतं. आजूबाजूला वेगळी भाषा असताना आपली भाषा रोज घासूनपुसून ठेवायची, हे सोपं नाही.

मग २००७ मध्ये चोवीस तासांच्या मराठी वृत्तवाहिन्या आल्या. 'झी २४ तास', 'स्टार माझा' म्हणजे आजचा 'एबीपी माझा', पुढच्या वर्षी 'आयबीएन लोकमत'. दिवसातून ठरावीक वेळी येणारी बातमी आता सतत येऊ लागली. अँकर ही पूर्णवेळ नोकरी झाली, शिफ्ट आली, स्पर्धाही आली.

पडद्यामागे काय चालतं?

तुम्हाला पडद्यावर एक शांत चेहरा दिसतो. त्या वेळी त्याच्या डोळ्यांसमोर टेलिप्रॉम्प्टर असतो आणि त्यावर ओळी सरकत असतात. कानात छोटा इअरपीस असतो. त्यातून कंट्रोल रूममधला प्रोड्युसर बोलत असतो: "फोनवरचा वार्ताहर लागला नाही, अर्धा मिनिट वाढव." म्हणजे तोंडाने एक वाक्य बोलायचं, कानाने दुसरं ऐकायचं आणि डोळ्यांनी तिसरं वाचायचं. चेहऱ्यावर यातलं काही दिसता कामा नये.

बातमीपत्रात कोणती बातमी कितव्या क्रमांकाला, हे 'रनडाऊन'मध्ये ठरलेलं असतं. पण मोठी घटना घडली की रनडाऊन बाजूला पडतो, टेलिप्रॉम्प्टर रिकामा होतो. हातात दोन ओळींची माहिती आणि समोर लाखो प्रेक्षक. अशा वेळी कामी येतं ते वाचन. त्या जिल्ह्यात कोणती नदी आहे, तिथे याआधी काय घडलं होतं, हे माहीत असेल तरच अँकर दोन शब्द जबाबदारीने बोलू शकतो. माहिती नसेल तर तीच ती वाक्यं फिरवून फिरवून बोलतो, आणि ते तुमच्या लगेच लक्षात येतं.

म्हणूनच चांगले अँकर बहुतेक वेळा डेस्कवरून किंवा रिपोर्टिंगमधून आलेले असतात. आधी दुसऱ्यांसाठी बातम्या लिहायच्या, फोनवरून माहिती तपासायची, पावसात उभं राहून लाइव्ह द्यायचं. मग कधीतरी कुणीच बसायला तयार नाही अशा पहाटेच्या बातम्या वाट्याला येतात. सकाळच्या बातम्यांसाठी मध्यरात्रीनंतर घर सोडावं लागतं. दिवाळीला, गणपतीला ड्यूटी असते. मुलगी अँकर व्हायचं म्हणते तेव्हा घरच्यांनी मेकअप आणि प्रसिद्धीइतकाच याचाही विचार करायला हवा.

शिरोळ की शिराळा?

आता सगळ्यात महत्त्वाचं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला होता. तेव्हाचं उदाहरण घेऊ. शिरोळ कोल्हापूर जिल्ह्यात आहे. शिराळा सांगली जिल्ह्यात. शिरूर पुणे जिल्ह्यात, शिरूर कासार बीडमध्ये आणि शिरूर अनंतपाळ लातूरमध्ये. एका अक्षराचा फरक, पण एका ठिकाणी पाणी घरात शिरलेलं आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असं असू शकतं. कुणाची बहीण शिराळ्याला दिलेली असते, कुणाचे आई-वडील शिरोळात असतात. म्हैसूरला, दुबईला, न्यू जर्सीला बसलेल्या त्या माणसासाठी अँकरने नाव चुकवणं म्हणजे रात्रभराची झोप उडणं. किंवा त्याहून वाईट, खरा धोका असताना निर्धास्त राहणं.

आकड्यांचंही तसंच. सदुसष्ट आणि शहात्तर यांत गोंधळणारी मुलं तुमच्या घरातही असतील. इंग्रजीत आणि कन्नडमध्ये आधी दहाचा भाग येतो, मग एकक. कन्नड 'इप्पत्तोंदु' म्हणजे वीस आणि एक. मराठीत उलट, आधी एक आणि मग वीस. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' असा पर्याय आला, तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला होता! शाळेत हा वाद पद्धतीचा असतो. बातमीत मात्र तो आकडा जखमींचा असू शकतो, मृतांचा असू शकतो. एकोणऐंशी म्हणायचं की एकोणनव्वद, यावर अडखळायला तिथे वेळ नसतो. म्हणून बातमी लिहितानाच आकडे अक्षरांत लिहायची चांगली सवय अनेक जण लावून घेतात.

म्हैसूरचा आवाजाशी जुना संबंध

आवाजाचा विषय निघाला, की म्हैसूरकरांची मान ताठ होते. १० सप्टेंबर १९३५ रोजी मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी म्हैसूरमध्ये आपल्या घरातूनच रेडिओ केंद्र सुरू केलं. या केंद्राचं नाव 'आकाशवाणी'. तेच नाव पुढे देशाच्या रेडिओचं झालं.

आणि बोगादीहून शहराकडे जाताना लागणाऱ्या मानसगंगोत्रीत अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. १९६५ साली सुरू झालेली. बोलणं, ऐकणं आणि आवाज यांच्या तक्रारींवर इथे तपासणी आणि उपचार होतात. आवाज हेच ज्यांचं हत्यार आहे, अशा शिक्षक, गायक, निवेदक सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं हे ठिकाण. आवाज बसला की आपण लवंग, ज्येष्ठमध यांवर भागवतो. दोन-चार दिवस ठीक आहे. पण दोन-तीन आठवडे आवाज घोगराच राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायलाच हवं. बसलेल्या आवाजात कुजबुजणं आणि सारखं घसा खाकरणं यांनीही आवाजावर ताण येतो. पुरेसं पाणी आणि थोडं मौन, हे दोन उपाय बिनपैशाचे आहेत.

इथे वाढणाऱ्या मराठी मुलांचा एक फायदा आहे. कन्नडमध्ये 'ळ' आणि 'ण' ठणठणीत असल्यामुळे 'बाळ' आणि 'पाणी' आमच्या मुलांच्या तोंडी पक्कं बसतं. अडचण येते ती 'च' आणि 'ज'ची. मराठीत 'चार'चा च वेगळा आणि 'चाळ'चा च वेगळा. 'सारं जग' यातला ज आणि 'सुखाने जग' यातला ज लिहायला सारखा, बोलायला निराळा. कन्नडमध्ये हा फरक नाही, म्हणून तो इथे हळूहळू पुसला जातो. मोठ्याने वाचायला बसवलं, की सगळं उघड होतं. माझंही झालं होतं! इंग्रजी साहित्य घेऊन बीए केल्यावर पहिल्यांदा मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं, तेव्हा आजीने तिसऱ्या ओळीला थांबवलं होतं.

काय सांगायचं नाही, हेही ठरवावं लागतं

उच्चार आणि आकडे सुधारता येतात. त्याहून अवघड आहे ते थांबणं. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात वाहिन्यांनी कमांडो कारवाई थेट दाखवली. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक शब्दांत नापसंती व्यक्त केली. या प्रक्षेपणामुळे सुरक्षा दलांचं काम अवघड आणि धोक्याचं झालं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. २०१५ मध्ये नियम आला, की दहशतवादविरोधी कारवाई थेट दाखवायची नाही. कारवाई संपेपर्यंत नेमलेला अधिकारी वेळोवेळी देईल तेवढीच माहिती द्यायची.

पण प्रत्येक प्रसंगासाठी नियम नसतो. अपघातात गेलेल्या माणसाचं नाव त्याच्या घरी कळण्याआधी सांगायचं का? लहान मुलाच्या रडण्याचं दृश्य किती वेळा फिरवायचं? यातलं सगळंच अँकरच्या हातात नसतं. पण आवाज चढवायचा की उतरवायचा, 'मृत्यूचं थैमान' म्हणायचं की 'पाच जणांचा मृत्यू' म्हणायचं, हे मात्र बऱ्याच वेळा त्याच्याच हातात असतं. करिअर कोणत्या दिशेने जाणार, हे अशा बारीकसारीक ठिकाणी ठरतं. ओरडणारा अँकर लवकर प्रसिद्ध होतो, खोटं नाही. पण घरात आजारी माणूस असेल, तर तुम्ही कोणती वाहिनी लावता, तेही आठवून बघा.

आणि प्रेक्षक म्हणून तुम्हीही हतबल नाही. एखादी बातमी चुकीची किंवा द्वेष पसरवणारी वाटली, तर आधी त्या वाहिनीकडे लेखी तक्रार करता येते. उत्तराने समाधान झालं नाही, तर न्यूज ब्रॉडकास्टिंग अँड डिजिटल स्टँडर्ड्स अथॉरिटीकडे जाता येतं. त्या संस्थेत सामील असलेल्या वाहिन्यांसाठी ही सोय आहे.

यंत्र बातम्या देईल, मग माणूस कशाला?

हा प्रश्न आता उद्याचा राहिलेला नाही. जुलै २०२३ मध्ये ओडिशातल्या वाहिनीवर 'लिसा' ही कृत्रिम बुद्धिमत्तेची निवेदिका आली. त्याच महिन्यात कन्नडमध्ये 'सौंदर्या' आली. मे २०२४ मध्ये डीडी किसानने 'क्रिश' आणि 'भूमी' हे दोन एआय निवेदक आणले, तेही पन्नास भाषांत बोलणारे. त्यांना शिफ्ट नाही, दिवाळीची सुट्टी नको आणि त्यांचा आवाज बसत नाही.

बाजारभाव, हवामान, क्रिकेटचा स्कोअर हे काम यंत्राकडे जाईल, असं मला वाटतं. ज्यांचं कौशल्य समोरच्या ओळी वाचण्यापुरतंच आहे, त्यांनी काळजी करायलाच हवी. पण शिरोळ की शिराळा अशी शंका आल्यावर वार्ताहराला फोन लावायचा, चूक झाली तर पुढच्या बातमीपत्रात "आम्ही दिलगीर आहोत" म्हणायचं आणि त्या चुकीची लाज बाळगायची, हे काम माणसाचंच आहे. दिलगिरीचं वाक्य यंत्रही वाचेल. पण त्यानंतर उद्या ते जास्त जपून बोलेल, याचा भरवसा कोण देणार?

तुमच्या घरात कुणाला अँकर व्हायचं असेल तर...

• पदवी कोणत्याही शाखेची चालते. पत्रकारितेचं शिक्षण घ्यायचं तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे. भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम आहे. म्हैसूर विद्यापीठातही पत्रकारितेचा विभाग आहे.

• रोज दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि घरातल्या सगळ्यात कडक माणसाला ऐकवा.

• एक ते शंभर आकडे मराठीत पाठ करा. उलटसुलट विचारले तरी न अडखळता सांगता आले पाहिजेत.

• महाराष्ट्राचा नकाशा भिंतीवर लावा. जिल्हे, तालुके, नद्या ओळखीच्या करा. गावाचं नाव तिथले लोक कसं उच्चारतात, ते विचारा.

• आरशासमोर बसण्याआधी बातमी लिहायला शिका. पाच ओळींत कोण, काय, कुठे, कधी, हे आलं पाहिजे.

• माहीत नसेल तर "याबद्दल अजून माहिती आलेली नाही" असं सरळ सांगायची सवय लावा. हे वाक्य म्हणायला सगळ्यात जास्त धाडस लागतं.

आजीच्या प्रश्नाचं उत्तर मी शोधलं नाही. त्या मुलीचं शिक्षण काय, हे मला अजूनही ठाऊक नाही. पण त्या दिवशी बातम्या संपल्यावर आजीने लगेच गावी फोन लावला. "पाणी उतरलंय म्हणाली ती," एवढंच सांगितलं आणि पलीकडच्यांनीही हो म्हटलं. मग ती शांतपणे उरलेली भाजी निवडायला बसली.

आज संध्याकाळी बातम्या लावाल, तेव्हा एक मिनिट डोळे मिटून फक्त ऐका. नावं नीट घेतली जातायत का? आकडा स्पष्ट आहे का? ऐकून झाल्यावर तुम्हाला जास्त कळलंय, की नुसतीच भीती वाढलीय? ज्याचा आवाज ऐकून तुम्हाला निश्चिंतपणे भाजी निवडता येते, तो तुमचा चांगला अँकर.